क्यू प्लेन्स, मृत्यूकिरण आणि किनाऱ्यावरचा खांब

गेल्या जूनमध्ये मी गुहागरला घरी होते. थीसिसचं तिसरं प्रकरण लिहायचं म्हणून गाइडकडून पंधरा दिवस मागून घेतले होते. बाहेर पाऊस असा की आगरातल्या पोफळी वाकून एकमेकींना धरून उभ्या आहेत असं वाटावं, आणि लाईट दिवसातून तीन-चार वेळा जाणार हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. अशात प्रकरण लिहून होत नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी दीड तास टिकते. तेवढ्यात बसेल असं काय आहे म्हणून हार्डडिस्क उपसली तर 'क्यू प्लेन्स' सापडला. ८२ मिनिटं. १९३९ चा ब्रिटिश सिनेमा, युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम सहा महिने आधी आलेला. हेर, विमानं, गुप्त यंत्र, सगळं आहे.

हा ब्लॉग सिनेमाचा नाही, हे मला माहीत आहे. नेहमीचे वाचक म्हणतील, समुद्राच्या प्रवाहांवर लिहिणार होतीस त्याचं काय झालं? तेच लिहितेय. या सिनेमात शत्रू ज्या यंत्राने विमानं पाडतो ते, आणि मी ज्यावर पीएचडी करतेय ते, ही दोन चुलत भावंडं आहेत. आणि त्या सिनेमामुळे मला माझ्याच गावात केलेली एक चूक कळली. तिच्यावर येतेच, पण आधी सिनेमा.

गोष्ट सरळ आहे. इंग्लंडमधली नवी, प्रायोगिक विमानं चाचणीसाठी उडतात आणि समुद्रावर गायब होतात. अवशेष नाहीत, वैमानिक नाहीत, शेवटचा संदेशही नाही. अधिकारी म्हणतात अपघात. गुप्तहेर खात्यातला मेजर हॅमंड म्हणतो, इतके अपघात एकाच पद्धतीने होत नसतात. कोण करतंय याचं कोडं सिनेमा फार वेळ जपत नाही. बुडालेल्या बोटी वर काढायचं काम करतो असं सांगणारं एक जहाज समुद्रात फिरतंय, त्यावर एक किरण सोडणारं यंत्र आहे. किरण लागला की विमानाचं इंजिन बंद, रेडिओ बंद. विमान पाण्यावर उतरतं, जहाज ते उचलून पोटात घेतं, आतल्या माणसांसकट. कारखान्यात एक फितूर आहे. टोनी मॅकव्हेन नावाचा चाचणी-वैमानिक आहे, आणि कारखान्याच्या उपाहारगृहात काम करणारी एक मुलगी आहे, जी खरं तर वार्ताहर आहे आणि त्याहूनही खरं म्हणजे हॅमंडची बहीण.

वैमानिक झालाय लॉरेन्स ऑलिव्हिए. देखणा आहे, चिडतो छान, पण त्याला करण्यासारखं फारसं काही नाही. सिनेमा खिशात घालतो तो हॅमंड झालेला राल्फ रिचर्डसन. डोक्यावर टोपी, हातात छत्री, घरी स्वयंपाक करणारा, रेसच्या घोड्यांवर पैसे लावणारा, आणि डाफ्ने नावाच्या मैत्रिणीला दर थोड्या वेळाने फोन करून 'आज जमत नाही' असं सांगणारा हेर. पुढे 'द अ‍ॅव्हेंजर्स' या गाजलेल्या ब्रिटिश मालिकेतला छत्रीवाला जॉन स्टीड ज्याने रंगवला, त्या पॅट्रिक मॅकनीने स्टीड घडवताना हा हॅमंड डोळ्यांसमोर ठेवला होता. पाहताना ते लगेच कळतं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप वाचलेल्यांना हेर म्हणजे काय याची एक सवय असते: तो कधी गोंधळत नाही. हॅमंड सतत गोंधळल्यासारखा दिसतो आणि त्या गोंधळाच्या आड त्याचं काम चाललेलं असतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये असे दोन प्राध्यापक आहेत. त्यांच्या परीक्षेत कोणी सहज पास होत नाही.

व्हॅलरी हॉब्सनची के हॅमंड मला आणखी आवडायला हवी होती. एकटी कारखान्यात घुसून माहिती काढणारी बाई १९३९ मध्ये पडद्यावर दिसते, ही छोटी गोष्ट नाही. पण तिने काढलेल्या माहितीचा उपयोग कथा क्वचितच करते. तिचा बहुतेक वेळ ऑलिव्हिएशी भांडण्यात आणि मग न भांडण्यात जातो. लिहिणाऱ्यांना तिची नोकरी विनोद म्हणून सुचली असावी. शेवटची मारामारीही मला लांबलेली वाटली. कैदेतले वैमानिक जहाजावर बंदुका हस्तगत करतात, गोळ्या सुटतात, आपली माणसं अगदी सोयीस्करपणे वाचतात. हे सगळं तोवर झालेल्या हलक्याफुलक्या चलाख संवादांशी जुळत नाही.

सिनेमा धीट आहे का? अर्धवट. जहाजावरचे लोक कुठल्या देशाचे हे एकदाही सांगत नाही. उच्चार ऐकून लंडनमधल्या शाळकरी पोरालाही कळलं असेल, पण नाव नाही. एक वर्ष आधीच्या हिचकॉकच्या 'द लेडी व्हॅनिशेस'मध्येही अख्खा देशच काल्पनिक होता. युद्ध दाराशी आहे हे सगळ्यांना माहीत, आणि तोंडाने म्हणायचं नाही असा तो काळ. या न म्हणण्यातून सिनेमात एक विचित्र ताण येतो, आणि माझ्या मते तीच त्याची खरी किंमत आहे. विनोद चालू असतात आणि मागे काहीतरी घुमत असतं. गंमत म्हणजे पुढे युद्धात रिचर्डसन आणि ऑलिव्हिए दोघंही ब्रिटिश नौदलाच्या विमानदलात दाखल झाले.

आपल्या बाजूने पाहायचं तर हा सिनेमा अलेक्झांडर कोर्डाच्या गोतावळ्यातला. त्याच्या लंडन फिल्म्सचा 'द ड्रम' १९३८ मध्ये मुंबईत लागला तेव्हा लोकांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. साम्राज्याची जाहिरात म्हणून तो तिथे बरोबर ओळखला गेला. व्हॅलरी हॉब्सन त्यातही होती. 'क्यू प्लेन्स'मध्ये असं चिडण्यासारखं काही नाही, कारण आपण त्यात कुठेच नाही. ज्या वर्षी प्रभातने पुण्यात 'माणूस' केला, त्याच वर्षी तिकडे हा झाला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हाइसरॉयने इथल्या कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. सिनेमातल्या त्या विमानांचा खर्च कोण भरणार होतं, हा प्रश्न त्या कारखान्यात कोणाला पडत नाही.

आता किरण.

इंजिन बंद पाडणारा किरण ही लेखकांच्या डोक्यातून आलेली गोष्ट नव्हती. १९२४ मध्येच हॅरी ग्रिंडेल मॅथ्यूज नावाच्या इंग्रज संशोधकाने आपल्याकडे असा किरण आहे असा दावा केला होता आणि वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला होता. तेव्हापासून 'मृत्यूकिरण' हा शब्द युरोपात हवेत होता. जर्मनांकडे तो असला तर काय, ही भीती खरी होती. इतकी की १९३५ च्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई मंत्रालयातले विज्ञान-संशोधन संचालक हॅरी विम्परिस यांनी रेडिओतज्ज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना अधिकृतपणे विचारलं: असा किरण शक्य आहे का? (सिनेमाच्या कथालेखकांत एक आर्थर विम्परिस आहेत. आडनाव तेच, बाकी काही म्हणायचं नाही. दुसरे कथालेखक जॅक व्हिटिंगहॅम. ते पुढे जेम्स बाँडच्या 'थंडरबॉल'च्या मूळ पटकथेवर होते, ज्यात विमान पळवून समुद्रात लपवतात आणि खलनायकाकडे एक जहाज असतं! काही कल्पना माणसाला सोडत नाहीत.)

वॉटसन-वॉटने प्रश्न आपला सहायक आर्नल्ड विल्किन्सकडे सरकवला, पण वेष बदलून. समजा पाच किलोमीटर दूर, एक किलोमीटर उंचीवर आठ पिंट पाणी आहे. ते ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ वर न्यायला किती रेडिओ-शक्ती लागेल? विल्किन्सला प्रश्नातलं पाणी कळायला वेळ लागला नाही. आठ पिंट म्हणजे माणसाच्या अंगातलं रक्त, आणि ९८ वरून १०५ म्हणजे ताप.

हा हिशेब तुम्हीही करू शकता, मी लाईट गेल्यावर वहीत केला. माझे आकडे अंदाजाचे आहेत, विल्किन्सचे नाहीत. आठ पिंट म्हणजे साडेचार लिटर. तापमानातली वाढ सुमारे चार अंश सेल्सिअस. त्याला लागणारी ऊर्जा साधारण ७४ किलोजूल, म्हणजे एक मोठा कप पाणी चहासाठी उकळायला लागते तेवढीच. इतकी थोडी? हो. दहा मिनिटांत द्यायची म्हटलं तर सव्वाशे वॅट. जुना पिवळा बल्ब लावल्यासारखं.

अडचण पोचवण्यात आहे. रेडिओलहरी सगळीकडे पसरतात. पाच किलोमीटरवर त्या ज्या गोलावर पसरलेल्या असतात त्याचं क्षेत्रफळ ३१ कोटी चौरस मीटर. वैमानिकाच्या वाट्याला त्यातला जेमतेम पाऊण चौरस मीटर. त्याला सव्वाशे वॅट मिळावेत म्हणून तुम्हाला सोडावे लागतात पन्नास हजारांहून जास्त मेगावॅट. आमच्या अंजनवेलचा प्रकल्प, ज्याला गावात अजून सगळे एन्रॉनच म्हणतात, तो सुमारे दोन हजार मेगावॅट क्षमतेचा आहे. असे पंचवीस-तीस प्रकल्प लागतील, एका माणसाला ताप आणायला. मोठा अँटेना लावून शक्ती शंभर पटीने एका दिशेला गोळा केली तरी एन्रॉनचा पाव भाग जातोच. आणि त्या दहा मिनिटांत ताशी ३०० किलोमीटरने जाणारं विमान ५० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. शिवाय वैमानिकाच्या भोवती धातूचा पत्रा, जो लहरी परत उडवतो. तेव्हा एखाद्या जहाजावरच्या खोलीत मावेल एवढ्या यंत्रातून हे होणं नाही.

सिनेमावाले म्हणतील, आम्ही माणूस कुठे मारतोय, इंजिन बंद करतोय. तेही अवघड, आणि गंमत अशी की तेव्हा आजच्यापेक्षा जास्त अवघड. त्या काळच्या विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडायला मॅग्नेटो असायचा. तो बॅटरीवर चालत नाही, इंजिनच त्याला फिरवतं, आणि तो हजारो व्होल्टची ठिणगी देतो. ती बिघडवायची तर बाहेरून तशाच तोलामोलाचा दाब धातूच्या आवरणातून आत न्यायला हवा. आज ताकदवान सूक्ष्मलहरी सोडून ड्रोन पाडता येतो, कारण त्याचा मेंदू काही व्होल्टवर चालणाऱ्या चिपांचा असतो. १९३९ च्या इंजिनात बिघडायला चिप नव्हती. म्हणजे किरणाची कल्पना सिनेमाने पन्नासेक वर्षं आधी आणली, पण नेमक्या त्याच विमानांवर सोडली ज्यांना तिने काहीच झालं नसतं.

आणि इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं. उंचीच्या दहापट अंतर कापतं असं ढोबळ धरा. दोन किलोमीटरवर असेल तर वीस किलोमीटर दूर जाऊन उतरेल, आणि जहाजाला तासभर त्याच्यामागे धावावं लागेल. तोवर ते बुडलेलं असेल. सिनेमात ते अगदी शेजारी येऊन उतरतं, घरगुती बदकासारखं.

या अफवेचा एक किस्सा मला फार आवडतो. रेजिनाल्ड जोन्स हे युद्धकाळातले ब्रिटिश विज्ञान-हेर. त्यांच्या 'मोस्ट सीक्रेट वॉर' या आठवणींत तो आहे. युद्धाआधी जर्मनीतून गोष्टी यायच्या की अमुक डोंगराजवळ गाड्या आपोआप बंद पडतात, पहारेकरी येऊन सांगतो आता चालू करा, आणि गाडी चालू होते. किरणच! उलगडा तिथेच काम केलेल्या एका रेडिओ-अभियंत्याने केला. दूरचित्रवाणीचा मनोरा कुठे उभारायचा याची मोजमापं चालली होती. गाड्यांच्या इंजिनांतल्या ठिणग्या त्या मोजमापात खरखर करायच्या, म्हणून पहारेकरी गाड्या थांबवून इंजिन बंद करायला सांगायचे. काम झालं की जा म्हणायचे. सांगणाऱ्या-ऐकणाऱ्यांत गोष्ट उलटी झाली. त्रास इंजिनाचा लहरींना होत होता, लोकांनी लहरींचा इंजिनाला लावला.

विल्किन्सने उत्तर दिलं, किरण अशक्य. वॉटसन-वॉटने विचारलं, मग त्यांना दुसरी काही मदत करता येईल का? इथे विल्किन्सला आठवलं की पोस्ट खात्याच्या अभियंत्यांनी एक तक्रार नोंदवली होती: जवळून विमान गेलं की त्यांच्या रेडिओत फडफड होते. म्हणजे विमान लहरी परत फेकतं. विमानाला इजा करायला लहरी फार दुबळ्या पडतात, पण विमान तिथे आहे हे कळायला परत आलेला अत्यल्प अंशही पुरतो, कारण चांगला रेडिओ कल्पनेपलीकडे कमी शक्ती ऐकू शकतो.

२६ फेब्रुवारी १९३५ ला डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात त्यांनी गाडीत रेडिओ ठेवला, बीबीसीच्या ४९ मीटर लहरीच्या प्रक्षेपणाचा आधार घेतला आणि एक हेफोर्ड बॉम्बर वरून फिरवला. पडद्यावरची रेघ हलली. सुमारे १३ किलोमीटरपर्यंत विमान जाणवत राहिलं. ४९ मीटरची लहर सोयीची होती, कारण विल्किन्सच्या डोक्यात विमानाचा पंख म्हणजे आडवी तार होती. तारेची लांबी लहरीच्या अर्धी असली की ती सगळ्यात जोरात प्रतिसाद देते, आणि हेफोर्डच्या पंखांचा विस्तार होता २३ मीटर. हा 'अर्धा' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातूनच चेन होम नावाची रडारची साखळी इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर उभी राहिली. शंभर मीटरहून उंच पोलादी मनोरे, उघड्यावर, कोणीही पाहावेत असे. १९३९ च्या ईस्टरपासून ती चोवीस तास चालू झाली. म्हणजे लोक थिएटरात किरणाने विमानं पडताना पाहत होते, तेव्हा त्याच किरणाच्या अपयशातून जन्मलेलं खरं यंत्र किनाऱ्यावर जवळजवळ तयार उभं होतं. त्याबद्दल थिएटरात कोणाला काही सांगायची परवानगी नव्हती.

हेरकथाही खरी घडली, फक्त उलट्या दिशेने. ऑगस्ट १९३९ च्या सुरुवातीला जर्मनांनी ग्राफ झेपेलिन हे प्रचंड हवाई जहाज उपकरणं भरून इंग्लंडच्या किनाऱ्याजवळून फिरवलं. त्या मनोऱ्यांवरून काय सुटतंय हे ऐकायला. काही हाती न लागता ते परत गेलं. स्वतःच्या रडारांसाठी ते खूप छोट्या लहरी वापरत होते. दहा-पंधरा मीटरसारख्या जुनाट लांब लहरींवर कोणी रडार बांधेल हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. यावर सिनेमा झाला असता तर मी तो दोनदा पाहिला असता.

त्या जुनाट लहरी म्हणजेच माझं काम. विमानं शोधायला आज त्या फारशा कोणी वापरत नाही. पण खाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाला धरून त्या क्षितिजापलीकडे जातात, आणि समुद्र त्यांना एक खास उत्तर देतो. १९५५ मध्ये न्यूझीलंडच्या क्रॉम्बीने ते ओळखलं. तुमची रेडिओलहर २२ मीटरची असेल, तर समुद्रावरच्या हजारो लाटांपैकी नेमक्या ११ मीटर लांबीच्या लाटा, ज्या तुमच्याकडे येतायत किंवा दूर जातायत, त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून मोठे होतात. पुन्हा अर्धं! कारण वेगळं आहे, तिथे एक पंख होता, इथे ओळीने येणाऱ्या लाटांची शिस्त आहे. ११ मीटरची लाट खोल पाण्यात सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर धावते, हे समुद्राचं गणित ठरलेलं आहे. त्यामुळे परत आलेल्या लहरीची वारंवारिता किती सरकणार हेही ठरलेलं: सेकंदाला एक तृतीयांश कंपनाहून जरा जास्त. दर सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख कंपनं असलेल्या लहरीत एवढासा फरक. आता जर लाटांखालचं पाणीच वाहत असेल तर सरकणं थोडं कमी-जास्त होतं, आणि तो कमी-जास्तपणा म्हणजे प्रवाहाचा वेग. एका ठिकाणावरून फक्त 'माझ्या दिशेने किती' एवढंच कळतं, म्हणून किनाऱ्यावर दोन ठिकाणं लागतात. तमिळनाडू, आंध्र, ओडिशा, गुजरात, अंदमानला अशी केंद्रं झाली आहेत. तेल सांडलं किंवा कोणी वाहून गेलं तर शोध कुठे घ्यायचा, हे त्यावरून सांगता येतं. गुहागरचा समुद्र दर वर्षी कोणाला तरी ओढून नेतो, ते इथल्यांना सांगायला नको.

आता माझी चूक. मागच्या थंडीत आम्ही एक चाचणीचा खांब काही दिवसांसाठी सुरूच्या बनाजवळ उभा केला होता. तेव्हा गावातल्या लोकांना काम समजावून सांगायला संध्याकाळी जमलो. एक काका उठले. त्यांच्या होडीतून मी लहानपणी फिरलेय. म्हणाले, "बाय, ह्या खांबातनं जे काय सुटतंय त्यानं मासळी पळते काय?"

मी हसले. खांबातून सुटणारी शक्ती चाळीस-पन्नास वॅट, छताच्या पंख्याहून कमी, आणि तीही खाऱ्या पाण्यात वीतभर आत जाईतो विरते. म्हणजे उत्तर सोपं होतं आणि मी ते दिलंही, पण आधी हसले. काका खाली बसले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आणि आमच्या होड्या दिसतात काय तुला त्याच्यात?"

मी म्हटलं, नाही.

हे खोटं होतं. पूर्ण नाही, पण होतं. जहाजांचे प्रतिध्वनी आमच्या नोंदींत येतात. मोठी, लोखंडी असतील तर ठळक येतात. लहान फायबरची होडी बहुतेक वेळा हरवते, पण कधी डोलकाठी, कधी नुसतं नशीब, ठिपका उमटतो. आम्हाला प्रवाह हवा असतो, म्हणून हे ठिपके आम्ही कचरा म्हणून पुसून टाकतो. माझ्या तिसऱ्या प्रकरणात तो कचरा कसा पुसायचा यावर अकरा पानं आहेत. तरी मी नाही म्हटलं, कारण हो म्हटलं असतं तर बैठक लांबली असती.

सिनेमा पाहताना हे मला टोचलं ते एका साध्या जागी. हॅमंड वरिष्ठांना सांगतो की विमानं कोणीतरी नेतंय, आणि ते त्याच्याकडे ज्या चेहऱ्याने पाहतात तो चेहरा मी ओळखला. मी काकांकडे तसंच पाहिलं होतं. किरणाबद्दल ते चुकले होते, जसा सिनेमा चुकला आहे, पण लांबून आपल्याला कोणीतरी पाहतंय का, हा प्रश्न अगदी बरोबर जागेवर होता. २००८ नंतर आमच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची ओळखपत्रं झाली, होड्यांच्या नोंदी झाल्या, येता-जाता तपासणी झाली. समुद्रावर कोण कुठे आहे याची चौकशी त्यांना नवी नाही. किनाऱ्यावर नवा खांब उभा राहिला की पहिली शंका तीच येणार. चेन होमच्या मनोऱ्यांखाली शेती करणाऱ्या इंग्रज शेतकऱ्यांनाही कोणी काही सांगितलं नव्हतं. तिथे कारण युद्ध होतं. माझ्याकडे काय कारण होतं?

परवा काकांना फोन केला. म्हटलं, त्या दिवशी मी अर्धवट सांगितलं, मोठी जहाजं दिसतात, तुमचीही कधीमधी दिसू शकते. नारळी पौर्णिमेनंतर येते, न पुसलेला नकाशा घेऊन येते, तुम्हीच पाहा काय दिसतं ते. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ये. मी ओघात सिनेमाबद्दलही सांगितलं, जहाजावरचा किरण, पडणारी विमानं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते जहाज मच्छीमारीचं होतं काय?"

म्हटलं, नाही काका, बुडलेल्या बोटी वर काढणारं.

"मग ठीक आहे."